अमानतीचा फ्रीज

आई टेम्पो घेऊन आली तेव्हा मी मुलूखियाच्या भाजीची पानं खुडत बसले होते. खाली हॉर्न वाजला, मग तिची हाक आली, मग जिन्यावर तिच्या प्लास्टिकच्या चपला वाजल्या. माझी आई अतियात जिना कधी हळू चढत नाही. वर आली, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसली. बऱ्याच दिवसांत तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"रीहाम, फ्रीज रिकामा कर."

"का?"

"परत न्यायचाय. धुण्याचं मशीन पण. डीप फ्रीझर, टीव्ही, ते पीठ मळायचं यंत्र, सगळं. जे जे हाजी शहाताच्या दुकानातून आणलं ते सगळं."

मी पानं खुडत राहिले. देठ एकीकडे, पान एकीकडे.

"अगं ऐकतेस ना? कर्ज नाहीच ते! आपण उगाच मरत होतो. अमानत आहे, अमानत. कागदावर तसं लिहिलंय. वकिलानं स्वतः वाचून सांगितलं."

आई ओळखपत्र नवं करायला गेली होती, तिथून हे सुरू झालं. खिडकीतल्या माणसानं पडद्यावर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, हाज्जा, तुमच्या नावावर एक वर्षाची शिक्षा आहे. आईला वाटलं, दुसरी कुणी अतियात असेल. तिनं आपल्या आईचंसुद्धा नाव सांगितलं. शिक्षा तिचीच निघाली. कोर्टाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या एका वकिलानं चार पैसे घेऊन प्रकरण पाहून दिलं. अमानतीचा अपहार. तुम्ही आला नाहीत म्हणून तुमच्या मागे निकाल लागला. फेरसुनावणी मागा, रविवारची मिळेल, त्या दिवशी स्वतः उभं राहा. फिर्यादी म्हणाला की आमचं मिटलं, तर सुटलात. नाही म्हणाला, तर तिथूनच आत.

हे ऐकून दुसरी कुणी बाई रस्त्यातच बसली असती. आईनं त्या सगळ्यातून एकच शब्द उचलला आणि पदरात बांधून घरी आणला.

"अमानत म्हणजे काय?" ती आता मलाच विचारत होती, मदरशातल्या शेखनं विचारावं तशी. "कुणी त्याची चीज आपल्याकडे ठेवतो. आपण जपतो. मागितली की परत देतो. संपलं! अल्लासुद्धा एवढंच विचारणार आहे. मग हाजी का नाही ऐकणार?"

मी तीन वर्षं व्यापारशाळेत जमाखर्च शिकले. डावीकडे काय मांडायचं, उजवीकडे काय मांडायचं, ताळा कसा जुळवायचा. पदविकेचा कागद काचेत बसवून माहेरच्या भिंतीवर लावला आहे. त्या तीन वर्षांत ही अमानतीची पावती काय असते ते कुणी एकदाही सांगितलं नाही. मीत गम्र शहरातल्या कुठल्याही वह्या-पेन्सिलींच्या दुकानात ती मिळते, शाळेच्या वह्यांशेजारीच, पुस्तकच्या पुस्तक. वरती छापलेलं असतं, खाली टिंबटिंबांच्या रेघा असतात. माझ्या लग्नाचा माल ठरला त्या दिवशी हाजीनं तसलं एक पुस्तक आईपुढे सरकवलं होतं. "सही तेवढी कर, उम्म रीहाम, बाकीचं राहू दे. आपल्यात काय लिहायचं?" उम्म रीहाम, म्हणजे रीहामची आई. आणि आईनं सही केली. एकेका कागदावर, सावकाश. प्रौढवर्गात जाऊन ती तेवढंच शिकली होती, स्वतःचं नाव. अंगठा नको, सही करते, असं तिनं अभिमानानं सांगितलं होतं. शेवटच्या अक्षराची शेपटी ती लांब ओढते. त्या दिवशी प्रत्येक कागदावर ओढली.

"आई," मी म्हटलं, "तो घेईल का परत?"

"अमानत कुणी नाकारतं का, वेडे?"

मी उठले आणि फ्रीज रिकामा करायला लागले.

शुक्रवार होता. नमाज पढून मुसआद घरी आला होता, माझा नवरा. तो अॅल्युमिनियमच्या पातेल्यांच्या कारखान्यात घासाईचं काम करतो, त्याच्या नखांत कायम चांदीसारखी भुकटी असते. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बाह्या सरसावल्या आणि फ्रीजच्या मागची वायर गुंडाळायला लागला. एक शब्द बोलला नाही. बोलायला त्याची आई, उम्म मुसआद, वर आली. ती आमच्या खालच्याच मजल्यावर राहते.

"अगं अतियात, हे काय? लोक नवरीला न्यायला गाड्या आणतात, तू फ्रीजला न्यायला आणलीस?"

"ज्याचं त्याला देतेय, उम्म मुसआद."

"आणि माझ्या पोरानं सही केलीय त्याचं काय? यादी तुझ्याकडे. फ्रीज यादीत. उद्या तुझ्या मुलीला राग आला आणि ती कोर्टात गेली, तर नसलेल्या फ्रीजपायी माझा मुलगा आत!"

खोटं नव्हतं ते. लग्नात दोन बाजूंचे दोन कागद होतात. मुलीची आई दुकानदाराला सही देते, आणि नवरा मुलीकडच्यांना यादी लिहून देतो, की चमच्यापासून पलंगापर्यंत हे हे सामान माझ्या ताब्यात आलं, विचारलं की हजर करीन. दोघांनाही वाटतं, दुसऱ्याचा कागद खरा आणि आपला नुसता रिवाजाचा.

"नसलेला कसा?" आई म्हणाली. "त्यातलं गार पाणी तूच पितेस रोज."

"पिते! सुनेच्या घरचं पाणी पिऊ नको?"

"पी की. मी काय पाणी नेत नाहीये."

मुसआद हसला. मग त्याच्या आईकडे बघून गप्प झाला. म्हणाला, "मावशी, यादी आणलीयस ना? मग खाडाखोड करून टाकू. माझ्या आईला झोप लागेल."

आईनं पिशवीतून घडी केलेली यादी काढली. मुसआदनं ती भिंतीवर धरली आणि पेननं एकेक ओळ खोडत गेला. फ्रीज, अठरा घनफुटी. डीप फ्रीझर. मशीन. टीव्ही, मोठ्या पडद्याचा. मी वाचून दाखवत होते, तो खोडत होता. माझा आवाज बाजारभाव सांगावा तसा येत होता, तो मलाच ऐकू येत होता. चहाचे कप, दोन संच, काचेच्या कपाटातले. त्यातल्या एका संचाचा कागदी टेपसुद्धा निघाला नव्हता. तो पाहुण्यांसाठी होता, आणि तेवढे मोठे पाहुणे अजून कुणी आले नव्हते.

"कप कशाला?" उम्म मुसआद म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "कप राहू दे गं. काचेचं कपाट रिकामं चांगलं दिसत नाही."

"हाजीच्या दुकानातले आहेत," आई म्हणाली.

उम्म मुसआदनं मग स्वतःच ते कप जुन्या टॉवेलात गुंडाळून दिले. थोरल्या सुनेनं आणलं त्याच्यापेक्षा दोन वस्तू जास्तच असाव्यात, असं लग्नाआधी तीच म्हणाली होती. माझं नाक वर राहावं म्हणून आईनं ते ऐकलं होतं. आता दोघी जिन्यात उभ्या राहून खोक्याला दोरी बांधत होत्या, आणि कुणाच्या तोंडून तो विषय निघाला नाही.

टेम्पो भरला. मी आणि आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. मुसआद मागे, फ्रीजला मिठी मारून.

लग्नाच्या आधी हाच माल ह्याच रस्त्यानं आला होता. तेव्हा तीन गाड्या होत्या, सगळं उघड्यावर मांडलेलं, कुणाला दिसलं नाही असं व्हायला नको म्हणून. आईच्या मैत्रिणी गाडीमागे टाळ्या वाजवत चालल्या होत्या आणि गात होत्या,

निघाली गं गाडी कालव्याच्या काठानं,
आईनं लेक दिली भरल्या गं ताटानं.
बघा गं बघा शेजारणी, मोजा गं मोजा,
फुलाच्या गं जिवाला चांदीचा बोजा.

आता कालवा तसाच होता. निलगिरीची झाडं, पाण्यावर हिरवं शेवाळ, काठावर म्हशी. पुलाजवळ आईची रोजची जागा आली. तिथे गोणपाटावर बसून ती वांगी आणि कूसा, म्हणजे छोटे दुधी, कोरून देते, नोकरीवरच्या मॅडमना संध्याकाळी नुसता भात भरायचा बाकी राहील अशा बेतानं. शेजारची लसूण सोलणारी बाई ओरडली, "अतियात! मुलगी नव्या घरात चालली का?"

"दुरुस्तीला चाललाय फ्रीज!" आई ओरडली.

"आणि टीव्ही?"

"तोही आजारी!"

बाई हसली. आईही हसली. मग आरशातून मला दिसलं, ती बाई हसायची थांबली होती आणि गाडीकडे बघत उभी होती.

हाजी शहाता गोड माणूस आहे. मी त्याला कधी आवाज चढवताना ऐकलं नाही. दुकानाच्या दारात टेम्पो पाहून तो जपमाळ थांबवून बाहेर आला, सगळा माल एकवार नजरेखालून घातला आणि आम्हाला आत बसवून चहा मागवला. साखर किती, तेसुद्धा आईला विचारलं.

"बोल, उम्म रीहाम. काय नवीन?"

"अमानत परत आणलीय, हाजी. मोजून घ्या. एक कप फुटलेला नाही."

हाजीनं चहाचा ग्लास खाली ठेवला. त्याला खरंच कळलं नाही. मग कळलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही, राग आला नाही, कंटाळा आला. हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच आला नसावा.

"बाई, तसं नसतं ते."

"कसं असतं?"

त्यानं कप्प्यातून एक झेरॉक्स काढली, चष्मा लावला आणि वाचली. "मी, अतियात अब्दुल-मौला, हाजी शहाता यांच्याकडून दोन लाख पौंड रोख अमानत म्हणून घेतले. ते मी श्रीयुत सब्री बदावी यांना पोचते करायचे होते. न पोचवल्यास मी अपहाराची गुन्हेगार." खाली आईची सही. शेपटी लांब ओढलेली.

आईनं पुढे वाकून कागद पाहिला, तिला वाचता येत असल्यासारखा.

"हा सब्री कोण?"

"कुणी नाही. माझ्या बायकोचा भाऊ. कुणाचंतरी नाव लागतं तिथे."

"मी त्याला पाहिलंसुद्धा नाही."

"पाहायची गरज नसते."

"मी त्याचे पैसे घेतले?"

"कागदावर, उम्म रीहाम. कागदावर."

"आणि फ्रीज?"

"इथे फ्रीज कुठेच नाही," हाजी समजावत म्हणाला, लहान मुलीला सांगावं तसं. "इथे फक्त रोकड आहे."

"आणि मी दिलेले हप्ते? दर महिन्याला आणून दिले. तुम्ही वहीत लिहिलेत माझ्यासमोर. कोंबड्या विकल्या त्या महिन्यातले, कानातलं विकलं त्या महिन्यातले..."

"वहीत आहेत. वही मी नाकारत नाही. पण प्रकरण वकिलाकडे गेलं की वही जात नाही, कागद जातो. त्याचीही फी असते, बाई. मलाही वरचे व्यापारी सोडत नाहीत. माझंही असंच पुस्तक दुसऱ्या कुणाकडे पडलंय."

आईनं कागद बोटानं परत त्याच्याकडे सरकवला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मग ती म्हणाली, आणि हे ती हाजीला नाही, मला म्हणाली, "कर्जबुडवी म्हणाले असते तर चाललं असतं गं. हप्ते चुकले, आहेच. पण चोर? न पाहिलेल्या माणसाचे पैसे खाल्ले मी?"

माझ्या चहात पुदिन्याचं एक पान होतं, ते मी चमच्यानं तळाशी नेत होते आणि ते वर येत होतं.

हाजीनं तोडगा काढला. तो वाईट माणूस नाही, असं मी अजूनही म्हणेन. माल वापरलेला आहे, तो म्हणाला, एकदा दार उघडलं की फ्रीजची किंमत निम्मी. तरी तो घेईल. जी पडेल ती किंमत वजा करील. रविवारी स्वतः कोर्टात येऊन सांगेल, आमचं मिटलं. आणि उरलेल्यासाठी... त्यानं कप्प्यातून पुस्तक काढलं. नवं कोरं, वरची पावती अजून घट्ट बसलेली. ते त्यानं आईपुढे सरकवलं नाही. माझ्यापुढे सरकवलं.

"मुलगी शिकलेली आहे. तरुण आहे. कुठेतरी लागेल कामाला. सही कर, पोरी, आई सुटेल."

मी पेन घेतलं. पहिल्या कागदावर टिंबटिंबांच्या रेघा होत्या. मी त्यांवर लिहायला लागले. एक फ्रीज, अठरा घनफुटी, त्याची किंमत. एक मशीन. दिलेले हप्ते वजा. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत फळ्यावर तारीख मीच लिहायचे.

"अगं, अगं!" हाजीनं कागद ओढून घेतला. "वाया घालवलास. तिथे फ्रीज लिहायचा नसतो."

"मग काय लिहायचं?"

"काहीच नाही. फक्त सही."

"रक्कम तरी?"

"रक्कम ठरली की मी लिहीन. माझ्यावर विश्वास नाही का? इतकी वर्षं तुझ्या बापाला ओळखत होतो, अल्ला त्याला जागा देवो."

त्यानं दुसरी पावती माझ्यापुढे सपाट केली. आणि मी सही केली असती. हे शौर्य नव्हतं, दुःखही नव्हतं. समोर रेघ होती, हातात पेन होतं, दोन दिवसांनी रविवार होता. तेवढंच.

आईनं कागदावर हात ठेवला. सगळा पंजा, बोटं फाकवून. वांग्याच्या रसानं तिची बोटं कायमची तपकिरी झाली आहेत, नखाजवळ चाकूचे बारीक कापे आहेत. त्या हाताखाली रेघाही दिसेनात आणि छापलेलं काही दिसेना.

"हिची नाही," ती म्हणाली.

"बाई, विचार कर. वर्ष आहे ते."

"माझी सही तुमच्याकडे आहे ना? तीच वापरा."

"आत गेलीस तर पैसे माफ होत नाहीत. एवढं तरी समजून घे. बाहेर आलीस की राहतातच ते."

"राहू देत. माझ्या नावावर राहतील."

"मग हा माल?"

"घेता का हिच्या सहीशिवाय?"

हाजीनं नकारार्थी मान हलवली. त्यानं पुस्तक बंद केलं, जपमाळ उचलली. चहाचे पैसे त्यानं आम्हाला देऊ दिले नाहीत.

टेम्पो त्याच रस्त्यानं परत आला. मुसआदनं आणि ड्रायव्हरनं फ्रीज पुन्हा तिसऱ्या मजल्यावर चढवला, मध्ये मध्ये पायऱ्यांवर टेकवत. उम्म मुसआदनं जिन्यातला दिवा धरला. "फिरायला नेलं होतं का त्याला?" ती म्हणाली, पण कुणी हसलं नाही, तीही नाही. विकायचा विचार आम्ही केला. मुसआदनं दोन-तीन ठिकाणी विचारूनही पाहिलं. सगळं विकून जे आलं असतं त्यातून कागदावरच्या आकड्याचा एक कोपरासुद्धा भरला नसता. रमजानात संस्थांची माणसं येतात, आत असलेल्या बायकांची नावं लिहून नेतात, काहींचे पैसे भरतात. रमजानला अजून वेळ होता.

रविवारी आईनं धुतलेला काळा झगा घातला. कोर्टाच्या दालनात बाकांवर बहुतेक बायकाच होत्या. कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या हातात भाकरीची पिशवी. न्यायाधीश चांगले दिसणारे, वयस्कर, सर्दी झालेले. एका प्रकरणाला घोटभर पाणी प्यायला लागावा एवढा वेळ लागत होता.

"सही तुमची?"

फाटकाशी भेटलेल्या वकिलानं सांगितलं होतं, नाही म्हणा. तज्ज्ञाकडे जाईल, महिने जातील. आई म्हणाली, "माझी. हातानं केलेली."

"पैसे घेतलेत?"

"नाही साहेब. फ्रीज घेतला. मशीन घेतलं. मुलीचं लग्न होतं."

न्यायाधीशांनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता. "इथे फ्रीज नाही."

"माहितीय साहेब. मी विचारलं."

ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, काही म्हणतील. त्यांना शिंक आली. मग फिर्यादीच्या वकिलाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, मिटलेलं नाही. निकाल कायम. वर्षाचे सहा महिने केले, वयाकडे पाहून. पुढचं नाव पुकारलं गेलं.

बाजूच्या दारापलीकडे एक टेबल होतं. तिथल्या शिपायानं आईची पिशवी रिकामी केली. किल्ल्या, कंगवा, रुमाल, सुटे पैसे, गुडघेदुखीच्या गोळ्या. अंगठी काढायला सांगितली. ती बोटात रुतली होती, तिनं थुंकी लावून काढली. शिपायानं भराभर एका कागदावर काही खरडलं आणि पेन तिच्याकडे केलं.

"सही कर इथे."

आईनं पेन घेतलं नाही. "आधी वाच."

"काय?"

"काय लिहिलंयस ते वाच. मोठ्यानं."

"अगं बाई, मागे रांग आहे..."

"असू दे रांग."

शिपायानं माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलेन म्हणून. त्यानं उसासा टाकला आणि वाचायला लागला. एक किल्ल्यांचा जुडगा. एक कंगवा. एक अंगठी, पिवळा धातू. आई प्रत्येक शब्दाला मान हलवत होती, डोळे टेबलावरच्या वस्तूंवर ठेवून.

"गोळ्या राहिल्या," ती म्हणाली.

त्यानं गोळ्या लिहिल्या.

"आणि खाली ते रिकामं काय सोडलंयस?"

"ते असंच असतं."

"रेघ मार त्याच्यावर."

त्यानं रेघ मारली. मागची बाई पुढे सरकून, मान लांब करून बघत होती. मग आईनं सही केली, सावकाश, सगळी अक्षरं पुरी करून. पेन परत दिलं. माझ्या गालावरून एकदा हात फिरवला, तो नेहमीसारखाच खरखरीत होता, आणि शिपायामागून आत गेली.

मी बाहेर आले. बाहेर भर दुपार होती, तुकतुकवाले ओरडून गिऱ्हाईक बोलावत होते. एकानं विचारलं, कुठे जायचं, ताई? मला पटकन गावाचं नाव आठवेना. तो थांबून राहिला.